ठेवीची तलवार

आजचं वाचन : वाल्मीकिरामायण, अरण्यकांड, सर्ग 9



कालच्या सर्गात सुतीक्ष्ण ऋषींचा निरोप घेऊन राम, सीता आणि लक्ष्मण पुढे निघाले. दंडकारण्यातल्या ऋषींना रामाने आधीच शब्द दिलाय, की तुम्हाला छळणाऱ्या राक्षसांचा मी नाश करीन. आज वाटेत सीता बोलते. सीता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सोसणारी, गप्प राहणारी बाई येते (टीव्हीची कृपा!). या एका सर्गात ती प्रतिमा गळून पडते. इच्छेपोटी माणसाच्या हातून तीन गोष्टी घडतात, असं ती म्हणते: खोटं बोलणं, परस्त्रीची अभिलाषा, आणि वैर नसताना केलेलं क्रौर्य. पहिल्या दोन रामाच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत याची तिला खात्री आहे. काळजी आहे ती तिसरीची. हातात धनुष्य आहे, समोर अरण्य आहे, आणि ज्यांनी आपलं काही बिघडवलेलं नाही त्यांना मारायचं आधीच ठरून गेलंय.

मग ती एक गोष्ट सांगते. एका पवित्र वनात एक तपस्वी राहत होता. सत्यवचनी, शुद्ध. त्याच्या तपात विघ्न आणायचं म्हणून इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि एक उत्तम तलवार त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून गेला. तपस्वी प्रामाणिक. दुसऱ्याची वस्तू आहे, हरवता कामा नये, म्हणून कंदमुळं आणायला गेला तरी तलवार बरोबर. स्नानाला, झोपायला, सगळीकडे बरोबर असणार. होता होता त्याची बुद्धी बदलली. तप मागे पडलं, मन क्रूर झालं, आणि त्या शस्त्राच्या संगतीने तो नरकात गेला.

एवढीच गोष्ट. शस्त्राची संगत ही अग्नीच्या संगतीसारखी, असं सीता सुचवते, आणि हेही म्हणते की मी प्रेमाने आठवण करून देतेय, शिकवत नाही.

मी हा सर्ग आधीही वाचला होता. तेव्हा त्यातून 'शस्त्र वाईट' एवढंच घेतलं होतं. यावेळी वाचताना अडकलो ते दुसऱ्याच ठिकाणी. त्या तपस्व्याला लोभ कुठे होता? त्याने तलवार मागितली नव्हती, विकत घेतली नव्हती, 'माझी' म्हटली नव्हती. त्याच्या अधःपाताची सुरुवात एका चांगल्या गुणापासून झाली. तो वस्तू *जपत* होता.

हे मला का टोचलं ते सांगतो. तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, मी गेली सहा वर्षं तांब्यापितळेची जुनी हत्यारं जमवतोय. दिवसभर स्क्रीनवर असं काहीतरी बनवायचं जे हाताला लागत नाही, त्यामुळे असेल कदाचित, पण जड धातू तळव्यावर घेतला की बरं वाटतं. सात वस्तू आहेत. त्यात दोन त्रिशूळ, एक नेपाळी फुर्बा (तीन धारांची खुंटीसारखी कट्यार, वज्रयानी लामा हिने माणूस नाही, दुष्ट शक्ती 'खिळवून' टाकतात), बाकी किरकोळ. आणि गेल्या महिन्यात एका व्यापाऱ्याने आठव्या वस्तूचे फोटो पाठवले. पितळी तलवार, जवळजवळ दोन फूट, टोकाशी कोयत्यासारखी वळलेली, पात्याच्या कडेला बारीक घुंगरांची रांग. किंमत 40,000. खाली लिहिलं होतं, 'केरळ, टेंपल पीस, रिच्युअल.'

बायकोला फोटो दाखवला. तिने नीट पाहिला आणि विचारलं, "छान आहे रे. पण ही ठेवायची कुठे? शोकेसमध्ये की देवघरात?"

मी म्हटलं बघू. पण खरं तर आजच्या लेखाचा प्रश्न तोच आहे. पूजेचं हत्यार विकत घेता येतं का? म्हणजे पैसे देऊन घरी आणता येतं हे उघड आहे. पण आणलं की नेमकं काय आपल्या मालकीचं होतं?

आधी धातूचं थोडं बोलू, कारण या छंदात गंमत तिथे आहे. पितळेची तलवार लढाईच्या कामाची नसते. तांबं मऊ, पितळ त्याहून थोडं कडक, पण दोघांची धार टिकत नाही; लोखंडावर आपटलं की पातं मुडपणार. ज्या काळात पोलाद सहज मिळत होतं त्या काळातली पितळी तलवार हातात आली, तर ती कशासाठी केली असेल याचे पर्याय थोडेच उरतात: मिरवायला, नाटकाला किंवा देवाला. म्हणून 'रिच्युअल' हा शब्द जमवणाऱ्यांच्या तोंडी सारखा असतो.

वय ओळखणं मात्र महाकठीण. धातूची थेट कार्बन चाचणी होत नाही. क्ष-किरणांच्या यंत्राने मिश्रण कळतं, तारीख कळत नाही. युरोपात पितळेतलं जस्त मोजून थोडा अंदाज बांधतात, कारण जुन्या पद्धतीने, म्हणजे तांबं आणि जस्ताचं खनिज एकत्र तापवून केलेल्या पितळेत जस्त साधारण 28 टक्क्यांच्या पुढे जात नसे. पण आपल्याकडे उदयपूरजवळच्या जावरला मध्ययुगातच जस्त ऊर्ध्वपातनाने वेगळं काढत होते, तेही मोठ्या प्रमाणावर. त्यामुळे जस्त जास्त आहे म्हणून भारतातली वस्तू नवी, असं म्हणता येत नाही. हिरवा थर? तो आम्लाने, अमोनियाने काही दिवसांत चढवता येतो. पुण्याच्या तांबट आळीतल्या एका कारागिरांना मी माझ्या वस्तू दाखवायला नेतो. ते यंत्र वगैरे काही वापरत नाहीत. ओतीव आहे की घडीव, मठारलंय का, डाग कुठे दिलाय, एवढं बोटाने चाचपून सांगतात. 'पूजेची आहे का?' असं विचारलं की हसतात. "पूजेची होती का ते पूजा करणाऱ्याला विचारा. मला पितळ कळतं."

हे उत्तर मला कुठल्याही तज्ज्ञाच्या लेखाइतकं पटतं, आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या देशातल्या ताम्रनिधींमध्ये आहे. गंगा-यमुनेच्या दुआबात आणि आसपास जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या वस्तूंचे साठे सापडतात: दातेरी भाले, मुठीला नाकतोड्याच्या मिशांसारखे दोन फाटे असलेल्या तलवारी, कुऱ्हाडी. यातली नोंद झालेली पहिली वस्तू, एक दातेरी भाल्याचं टोक, 1822 मध्ये कानपूरजवळ बिठूरला मिळाली. तेच बिठूर, जिथे राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव पेशवे येऊन राहिले होते, आणि परंपरेने जिथे वाल्मीकींचा आश्रम दाखवतात! (आजचा सर्ग वाचताना हा योगायोग आठवला की मला उगाच आनंद होतो. पुरावा म्हणून नाही, नुसताच.) 1870 मध्ये आपल्या गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया इथे एकाच ठिकाणी तांब्याच्या 424 वस्तू आणि चांदीचे 102 पातळ पत्रे निघाले. त्यातले काही नग आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

या ताम्रनिधींत एक विलक्षण आकार येतो, त्याला अभ्यासक 'मानवाकृती' म्हणतात. जाड तांब्याचा पत्रा: वर डोक्यासारखा गोल भाग, दोन बाहू आत वळलेले, दोन पाय फाकलेले. बाहूंच्या बाहेरच्या कडेला धार. हे काय आहे? कुणी म्हणालं देवता. कुणी म्हणालं फेकून पक्षी मारायचं हत्यार. दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत. वस्तू समोर आहे, वजन माहीत, मिश्रण माहीत, मोजमाप मिलिमीटरपर्यंत. तरी ती देव होती की शस्त्र होतं ते सांगता येत नाही. कारण जिने ती हातात धरली ती माणसं गेली, आणि त्यांच्याबरोबर ती कशासाठी होती हे सांगणारा शब्दही गेला. आमच्या क्षेत्रातल्या मंडळींना लगेच कळेल: फाइल शाबूत आहे, ती उघडणारा प्रोग्रॅम जगात शिल्लक नाही.

आता केरळच्या तलवारीकडे. तिच्या बाबतीत तसं नाही, आणि म्हणूनच प्रश्न अवघड होतो. तिथे ती उघडणारी माणसं अजून जिवंत आहेत. भगवतीच्या मंदिरात वेळिच्चप्पाड असतो, म्हणजे ज्याच्या अंगात देवी येते तो. आपल्याकडच्या देवऋषी-पोतराजाच्या जातकुळीतला म्हणा, पण मंदिराच्या व्यवस्थेत त्याला ठरलेली जागा असते. लाल वस्त्र, मोकळे केस, पायात चिलंबू, आणि हातात अशी वळलेली तलवार, पळ्ळिवाळ. लोखंडाची असते, पितळेचीही असते. कोडुंगल्लूरला मीनम महिन्यात, म्हणजे आपल्या मार्च-एप्रिलच्या सुमाराला, भरणीचा उत्सव होतो. तेव्हा शेकडोंनी वेळिच्चप्पाड जमतात. भरात आले की त्याच तलवारीने स्वतःच्या कपाळावर घाव घालतात, रक्त वाहतं, जखमेवर हळद भरतात. आपल्याला हे पाहवेल न पाहवेल तो भाग वेगळा. मुद्दा एवढाच की या हत्याराने दुसऱ्या कुणाला मारायचं नसतं. घाव धरणाऱ्यावरच पडतो. सीतेच्या गोष्टीतल्या तलवारीच्या बरोबर उलटं.

आणि तिथेही ती तलवार त्या माणसाची नसते. देवीची असते. तो फक्त धरतो.

मग ती पुण्यातल्या इंजिनिअरच्या फोनवर कशी येते? याचं एक उत्तर एम. टी. वासुदेवन नायर यांनी 'निर्माल्यम' या 1973 च्या मल्याळी चित्रपटात दिलंय. पी. जे. अँटनी यांनी त्यात वेळिच्चप्पाडाचं काम केलंय आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मंदिराकडे कुणी फिरकत नाही, घरात चूल पेटत नाही, आणि मुलगा ती पवित्र तलवार विकायला निघतो. चित्रपट पाहताना मला त्या मुलाचा राग आला नाही. देवीची तलवार विकणं पाप आहे हे त्यालाही कळतं. पण घरात भूक आहे. म्हणजे आपल्यासमोर जी वस्तू 'टेंपल पीस' म्हणून येते, तिच्या मागे चोर असेलच असं नाही. कुठेतरी कुणाचं तरी उपाशी घर असू शकतं. माझे 40,000 त्या घरापर्यंत पोचलेले नसतात. तिथे पोचलेला असतो तो मोडीचा भाव.

इथे जमवणारे एक मुद्दा हमखास मांडतात, आणि तो हलका नाही. आम्ही घेतलं नाही तर वस्तू भट्टीत जाते. खरं आहे. आमच्याच घरचं उदाहरण: गीझर आला त्या वर्षी आजीचं तांब्याचं घंगाळ मोडीत गेलं, वजनावर. त्यावर तिच्या सासूचं नाव कोरलेलं होतं म्हणे. कुणीतरी वेडा संग्राहक त्या दिवशी दारात आला असता तर ते घंगाळ आज कुठेतरी असतं, नावासकट. भंगारवाल्याच्या तराजूपेक्षा शोकेस बरी, यात मला शंका नाही. पण 'वितळण्यापासून वाचवलं' आणि 'माझं झालं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हणताना आपण दुसरं हळूच खिशात घालतो. नदीत वाहून चाललेलं पोर कुणी बाहेर काढलं तर तो पोराचा बाप होत नाही.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचं वर्णन आहे. त्यातला तेरावा श्लोक काढून बघा. आज काय हाती लागलं आणि उद्या काय लागेल याचा सतत हिशेब मांडणारं मन तिथे रंगवलंय. मला तो श्लोक वाचताना नेहमी माझ्या फोनमधली 'हवं आहे' नावाची यादी आठवते. भगवंताने तिथे वस्तू वाईट म्हटलेल्या नाहीत, हेही लक्षात घ्या. त्याचा रोख मोजणीवर आहे.

कायद्याचं दोन ओळींत सांगतो, कारण तरुण मंडळी या छंदात येतात आणि हे कुणी सांगत नाही. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हा कायदा तर 1878 पासून आहे. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट अशी, की आपल्या कायद्यात देव हा मालक असू शकतो. मूर्ती ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे, तीही कायमची अज्ञान. तिच्या वतीने सांभाळ करणारे पालक असतात. तामिळनाडूतल्या पात्तूरचा नटराज 1976 मध्ये जमिनीतून निघाला, हातोहात फिरत लंडनला पोचला, आणि तिथल्या न्यायालयात दावेदारांमध्ये ते पडकं मंदिर स्वतः उभं राहिलं. 1991 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मंदिराचा हक्क मान्य केला आणि नटराज परत आला. इंग्रजी न्यायालयाला जे पटलं ते आपल्याला देवघरात बसून पटायला हरकत नाही: देवाची वस्तू विकणाऱ्याला आधी देवाने ती दिलेली असावी लागते.

जपणं म्हणजे काय, इथे पुन्हा येतो. संग्राहकांच्या जगातला पहिला नियम, जुन्या पितळेला घासायचं नाही. वरचा काळपट-हिरवट थर म्हणजे वस्तूचं वय. तो गेला की किंमत गेली. आता आपल्या देवघरात बघा. दर सणाला उपकरणी, समया, टाक सगळं चिंचेने, लिंबाने, नाहीतर पितांबरीने घासून लखलखीत. पिढ्यान्‌पिढ्या घासून टाकावरच्या खंडोबाचं नाक-डोळे पुसट होतात, मग जेजुरीला नेऊन टाक उजळून आणतात, फारच झिजले तर नवे करतात. वस्तुसंग्रहालयाच्या दृष्टीने हा विध्वंस आहे. देवाच्या दृष्टीने ही सेवा आहे, आणि झिजणं हीच त्या सेवेची नोंद. दोघेही म्हणतात, आम्ही जपतोय. एक जण वस्तू जपतो आणि वापर थांबवतो. दुसरा वापर जपतो आणि वस्तू झिजू देतो.

मी कुठल्या बाजूचा? प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या सात वस्तूंना मी चिंच लावू देणार नाही. पण गेल्या खंडेनवमीचं एक निरीक्षण आहे. आमच्याकडे शस्त्रपूजेला बाबा त्यांचा जुना पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडतात, मी लॅपटॉप, बायको तिची शिवणाची कात्री. झेंडूची फुलं, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. भिंतीवर सात खरीखुरी हत्यारं, त्यातली निम्मी कुठल्यातरी देवाची. त्यांना फूल वाहायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कुणी ठरवून टाळलं असं नाही. पोटाचं हत्यार ते पूजेचं हत्यार, एवढं सगळ्यांना न सांगता माहीत होतं. ज्या हाताचा त्याच्याशी संबंध आहे तो हात समोर हवा. जेजुरीचा 40 किलोहून जड खंडा बघा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो उचलायची चढाओढ लागते. तो काचेत ठेवला तर उरेल फक्त वजन.

म्हणून 'रिच्युअल' हा शब्द वस्तूच्या खाली लिहिता येत नाही असं माझं मत झालंय. तो धातूचा गुण नाही. कुणीतरी, कुणाच्या तरी वतीने, कुणासाठी तरी ती धरली, त्या नात्याचं ते नाव आहे. व्यापारी आपल्याला धातू देतो आणि नात्याचे पैसे लावतो.

ठेवीची आणखी एक गोष्ट पुराणांत आहे, ती या तपस्व्याच्या शेजारी ठेवून वाचावी. दधीची ऋषींकडे देवांनी आपली शस्त्रं सांभाळायला ठेवली. तिथेही बायकोनेच हरकत घेतली, की परक्यांच्या ठेवीत आपण पडू नये. (दोन्ही कथांत धोका बायकांना आधी दिसतो, हे माझ्या बायकोने अधोरेखित करून ठेवलंय.) दधीची शब्द देऊन बसले होते. वर्षानुवर्षं गेली, देव फिरकले नाहीत, शस्त्रं चोरीला जातील अशी वेळ आली, तेव्हा ऋषींनी मंत्राच्या पाण्याने त्यांचं तेज उतरवून ते पाणी पिऊन टाकलं. मग एक दिवस देव उगवले: आमची ठेव द्या. ती आता हाडांत होती. दधीचींनी देह ठेवला, हाडं दिली, त्यांचं वज्र झालं.

दोघांकडे ठेव आली, दोघांनी जिवापाड जपली, दोघांच्याही ती अंगात भिनली. फरक कुठे पडला, यावर मी बरेच दिवस घुटमळतोय. तपस्व्याच्या गोष्टीत तलवार परत मागायला कुणी येत नाही. आणि तो स्वतःही, निदान गोष्टीत तरी, कधी विचारत नाही की हिचा धनी कुठे गेला. धनी विस्मरणात गेला आणि तलवार तेवढी उरली. दधीचींना शेवटच्या श्वासापर्यंत ठाऊक होतं की हे कुणाचं आहे.

तर मी त्या व्यापाऱ्याला एवढंच विचारलं, "मंदिर कुठलं? गाव तरी सांगा." जाहिरातीत 'टेंपल पीस' लिहिलंय, म्हणजे टेंपलला नाव असणार. त्यांनी दोन दिवस घेतले. मग फोन आला, अगदी सहज आवाजात, "सर, गावाचं नाव दिलं तर ते लोक परत मागायला येतात ना. तुम्हालाच ताप."

मी नको म्हणून कळवलं. त्यावर ते म्हणाले काही हरकत नाही, बंगळुरूचं एक गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे तलवार देवीकडे गेली नाहीच. माझ्या नकाराने तिचा प्रवास पुण्याऐवजी बंगळुरूकडे वळला, बस. कुणी विचारेल, मग उपयोग काय? त्या तलवारीला काही नाही.

पण तो प्रश्न विचारायची सवय लागली, आणि मी घरातल्या सात वस्तू एकेक करून खाली काढल्या. सहांवर काही नाही. सातव्यावर, पितळी त्रिशुळाच्या दांड्यावर, भिंग धरून बघितलं तर ठोकून काढलेली देवनागरी अक्षरं: देवीचं नाव आणि गावाचं नाव. सातारा जिल्ह्यातलं गाव. तीन-चार फोन फिरवल्यावर तिथल्या गुरवकाकांचा नंबर मिळाला. मी मनाची तयारी करून बसलो होतो की ते म्हणतील आणून द्या, आणि द्यायचं हे ठरलेलं होतं. काकांनी आधी विचारलं, वजन किती भरतं. मग विचारलं, केवढ्याला घेतलात. आकडा ऐकून जोरात हसले. "अहो, आम्ही देवीचा त्रिशूळ नवा केला तेव्हा जुना मोडीत घातला होता. गावानं ठरवून. एक टोक वाकलंय बघा त्याचं, डावीकडचं."

डावीकडचं टोक वाकलेलं आहे.

मी म्हटलं, काका, परत आणून देऊ का? ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "आता इथं दोन त्रिशूळ कशाला? राहू द्या तुमच्याकडं. पण आडवा टांगू नका, उभा ठेवा. दसऱ्याला खाली उतरवून धुवायचा, हळदकुंकू वाहायचं. आणि जत्रेला या एकदा, माघात असते. येताना घेऊन या त्याला, देवीला दिसू दे."

संध्याकाळी बायकोने चिंच भिजत घातली. मी त्या वाटीकडे बराच वेळ बघत होतो.

उद्या सर्ग 10. सीतेच्या या बोलण्याला राम काय उत्तर देतो ते वाचू. तो तिचं म्हणणं खोडून काढत नाही, एवढं आत्ता सांगून ठेवतो. पण ऋषींना दिलेला शब्दही सोडत नाही.

॥ श्रीराम जय राम जय जय राम ॥